अवजड ओझ्याची वाट

सोलापूरपाशी पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजयपूर या महामार्गांची गाठ पडते. शहराजवळच फताटेवाडीला ६६० मेगावॉटच्या दोन संचांचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रातील जनित्राचा स्टेटर शेकडो टनांचा असतो. नेहमीच्या ट्रेलरला मात्र २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे भारासह ५५ टनांचीच मुभा आहे. मग असे धूड रस्त्याने कसे न्यायचे?

पहिला उपाय म्हणजे चाके वाढवणे. पुलांच्या आराखड्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने ३८५ टनांचे एक विशेष वाहन गृहीत धरले आहे. त्याच्या ट्रेलरला प्रत्येकी १८ टन भाराचे २० आस आणि प्रत्येक आसाला ८ टायर असतात. म्हणजे एका टायरवर २.२५ टन भार येतो. साध्या ट्रकच्या चार टायरांच्या आसावर ११.५ टन चालतात, म्हणजे टायरमागे सुमारे २.९ टन. टायरखालच्या डांबराला हे धूड साध्या ट्रकपेक्षा हलकेच!

पुलाचे गणित मात्र वेगळे आहे. रस्त्याला खालून सगळीकडे जमिनीचा आधार असतो, तर पुलाच्या गाळ्याला फक्त दोन टोकांना. आसांमध्ये १.५ मीटर अंतर धरले, तर २० मीटरच्या गाळ्यावर एका वेळी १४ आस, म्हणजे २५२ टन भार येतो. गाळा ट्रेलरपेक्षा लांब असेल, तर सगळेच ओझे त्यावर येते. म्हणून असे वाहन पुलाच्या मध्यभागातून, ताशी ५ किलोमीटरच्या आत आणि पुलावर दुसरे वाहन नसताना न्यायचे असते. मध्यभागामुळे भार तुळयांमध्ये वाटला जातो आणि संथ वेगामुळे हादरे टळतात.

आता मार्ग निवडू. सोलापूरहून विजयपूरला जाताना वडकबाळला सीना आणि पुढे टाकळीजवळ भीमा लागते. दोन्ही पूल पेलणारे हवेत. एक पेलून भागत नाही. समजा, एका जवळच्या मार्गावरील पुलांची क्षमता २००, ९० आणि २२० टन आहे, तर लांबच्या मार्गावर १५०, १४० आणि १६० टन. पहिल्या मार्गाची क्षमता ९० टन, दुसऱ्याची १४०. तेव्हा १२० टनांच्या ओझ्याला लांबचीच वाट धरावी लागेल. प्रत्येक मार्गावरचा सर्वांत दुबळा पूल शोधायचा आणि ज्या मार्गाचा दुबळा पूल सर्वांत बळकट, तो मार्ग घ्यायचा. तालुक्याचा नकाशा घेऊन हा खेळ वर्गात जरूर करून पाहावा.

वजनाइतकाच आकारही अडवतो. २०१९ साली महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघालेले सुमारे ७० टनांचे यंत्र ७४ चाकांच्या वाहनातून जुलै २०२०मध्ये पोहोचले. ते इतके उंच आणि रुंद होते, की वाटेतल्या विजेच्या तारा आणि झाडे हटवावी लागली. त्यात टाळेबंदीचीही भर पडली.

एक गोष्ट मात्र नकाशावर दिसत नाही. कागदावरची क्षमता पूल बांधला त्या दिवसाची असते. पुढे पुराने पायाखालची माती खरवडते, लोखंड गंजते. ऑगस्ट २०१६मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या. तेथे कोणतेही अजस्र ओझे नव्हते. म्हणूनच, आमच्या मते, मार्ग आखणाऱ्याचे खरे काम नकाशावर संपत नाही. ते पुलाखाली उतरल्यावर सुरू होते.