सांडलेले पुसण्याआधी थांबा

खालाच्या इयादतीला आम्ही रुग्णालयात गेलो होतो. शेजारच्या रुग्णाची सलाईनची सुई निसटली आणि फरशीवर रक्त सांडले. मदत म्हणून आम्ही रुमाल काढून पुसायला वाकलो, तोच सिस्टर ओरडल्या, ‘‘ताई, हात लावू नका!’’

तेव्हा थोडा राग आला. पण पुढे जे पाहिले त्याने डोळे उघडले. आधी सर्वांना बाजूला केले गेले. कर्मचाऱ्याने हातमोजे, मास्क व एप्रन चढवला. सुई हाताने नव्हे, चिमट्याने उचलून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकली. मग रक्तावर कापूस व कागद झाकून १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ओतले आणि तसेच राहू दिले. हे द्रावण १० ते ३० मिनिटे ठेवावे लागते. नंतर कडेकडून मध्याकडे पुसत सगळे पिवळ्या पिशवीत गेले. शेवटी हातमोजे काढून साबणाने हात धुतले.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. पाण्याने डाग जातो. विषाणू जातोच असे नाही. पिशव्यांचे रंगही उगाच नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ते ठरवून दिले आहेत.

थर्मामीटर फुटून पारा सांडला, तर रीत वेगळी. झाडू मारला की गोळ्या फुटून पसरतात आणि त्यांची वाफ श्वासात जाते. म्हणून खिडक्या उघडून, मुलांना दूर नेऊन, जाड कागदाने गोळ्या एकत्र करतात आणि थोडे पाणी घातलेल्या बरणीत बंद करतात.

घरी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

इयादतीला जाताना लहान मुलांना शक्यतो नेऊ नये. वॉर्डच्या फरशीवर दस्तरखान पसरून जेवायला बसू नये. काही सांडलेले दिसले तर तिथे कोणाला पाय ठेवू देऊ नये आणि सिस्टरना हाक मारावी. सफाई कामगार थांबायला सांगत असेल, तर त्याच्यावर रागावू नये. तो आपल्याच घरच्यांना जपत असतो.