मोबाइलचा फोटो भिंतीवर लावताना

आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस मोबाइलच्या फोटोवर काय बोलणार? पण दिसणं म्हणजे काय, असणं म्हणजे काय आणि या दोहोंत अंतर किती, हा आमच्या विषयाचा जुनाच धंदा आहे. शिवाय प्रश्न शहापूर-मुरबाडच्या घराघरातला आहे.

घरातलं वडीलधारं माणूस जातं. दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा असतो. मग शोधाशोध सुरू होते. कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीच्या फोटोत आजीचा चेहरा सापडतो, नखाएवढा. नाहीतर आधार कार्डावरचा. फोटोवाला बिचारा तो ओढूनताणून मोठा करून देतो. फ्रेम येते, हार चढतो, आणि नात हळूच म्हणते, "ही आपली आजी वाटतच नाही." घरात चार-चार मोबाइल, प्रत्येकात हजारो फोटो, तरी भिंतीवर लावण्याजोगा एक नाही. हे का होतं आणि कसं टाळायचं, एवढंच आज समजून घेऊ.

ठिपक्यांचा हिशेब

आपल्या आया-बहिणी ठिपक्यांची रांगोळी काढतात. मोबाइलचा फोटो तसाच असतो, फक्त ठिपके फार बारीक. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० आडवे आणि ३००० उभे, असे १ कोटी २० लाख ठिपके. तुम्ही फोटो मोठा करता तेव्हा ठिपके वाढत नाहीत, एकमेकांपासून लांब जातात, इतकंच. तेवढ्याच ठिपक्यांची रांगोळी चौपट अंगणात काढली तर काय होईल? तेच.

आता किती लांब गेले तर चालतात? इथे आपल्या डोळ्याची मर्यादा उपयोगी पडते. निरोगी डोळा फुटभर अंतरावरून एका इंचात साधारण ३०० ठिपके वेगळे ओळखू शकतो, त्याहून दाट असतील तर ते एकजीव दिसतात. अंतर दुप्पट केलं की गरज निम्मी होते. दोन फुटांवरून १५०, चार फुटांवरून ७५. म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो हातात धरून बघायचा तर साधारण १३ बाय १० इंचांपर्यंत उत्तम. दोन फुटांवरून बघायचा तर २६ बाय २० इंच. पलंगापलीकडच्या भिंतीवर असेल तर ४० बाय ३० इंचही खपून जातो.

२०१५ साली अ‍ॅपल कंपनीने आयफोन ६ वर लोकांनी काढलेले फोटो रस्त्यावरच्या अवाढव्य होर्डिंगवर लावले. तो कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता. होर्डिंगच्या अंगाला नाक लावून कोणी बघत नाही, म्हणून ते जमलं. पण घरातल्या फोटोचं तसं नाही. आईच्या फोटोजवळ लेक जाते, काचेवरून हात फिरवते. म्हणून चेहऱ्याच्या फोटोला इंचामागे निदान १५० ठिपके मिळावेत, असा हिशेब ठेवा.

मागून कोणीतरी विचारतंय, "आमचा मोबाइल १०८ मेगापिक्सेलचा आहे, मग?" छान आहे. पण असे मोबाइल नेहमीच्या वापरात नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. ५० वाले चार-चार एकत्र करतात. त्यात लबाडी नाही. एवढ्याशा जागेत बसवलेल्या ठिपक्याला उजेड कमी मिळतो, चार जणांनी वर्गणी काढली की काम भागतं. भर उजेडात, डोंगरदऱ्यांच्या फोटोला कॅमेऱ्यात जाऊन पूर्ण मेगापिक्सेल निवडा, फायदा होईल. संध्याकाळी किंवा घरात त्या वाटेला जाऊ नका.

ठिपके कुठे गळतात

तर १२ मेगापिक्सेल पुरतात. मग फोटो बिघडतो कुठे? चार ठिकाणी.

पहिली गळती झूमची. मुंबई-नाशिक हायवेवरून माहुलीचे सुळके दिसले की लोक गाडीतूनच दोन बोटांनी चित्र ओढतात. मोबाइलमध्ये दुरून बघायची वेगळी भिंग नसेल तर झूम म्हणजे निव्वळ कात्री. दुप्पट झूम केला की रुंदीही निम्मी, उंचीही निम्मी. १२ चे ३ मेगापिक्सेल उरतात. चौपट केला तर एकही उरत नाही. त्यापेक्षा आसनगावला उतरा, माहुलीच्या पायथ्याला चालत जा. पायांचा झूम सगळ्यात चांगला.

दुसरी गळती पाठवण्याची. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. म्हणजे सहातले पाच ठिपके वाटेतच सांडले. 'एचडी' निवडलं तर जास्त उरतात, पण तरी फोटो दाबला जातोच. छपाईचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा केबल लावून थेट मूळ फाइल द्या. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडूनही तसाच मागवा. 'फोटो पाठव' म्हणू नका, 'मूळ फाइल पाठव' म्हणा.

तिसरी गळती हात हलण्याची. मोबाइलच्या पडद्यावर हललेलं कळत नाही, भिंतीवर लगेच कळतं. दोन्ही कोपर पोटाशी धरा, खांबाला टेका, नाहीतर मोबाइल दगडावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबताना बसणारा धक्काही वाचतो.

चौथी सगळ्यात साधी. भिंगावरचा तेलकट डाग. खिशातला मोबाइल, भाकरीचा हात, माळशेजचं धुकं. काढण्याआधी सुती रुमालाने भिंग पुसा. पावसाळ्यात भिंगावर धुकं बसलं, तर दोन मिनिटं थांबा. निम्मे 'धूसर' फोटो एवढ्याने सुधारतील.

प्रत्यक्ष आणि अनुमान

आता मुद्द्याचं बोलू. कोणी म्हणेल, "सर, हल्ली ए-आय आहे. कितीही लहान फोटो द्या, तो स्वच्छ करून देतो." देतो खरा. पण काय देतो?

आपल्याकडे न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं वेगळी केली आहेत. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन होणारं ज्ञान. अनुमान म्हणजे धूर बघून अग्नी आहे असं ठरवणं. दोन्ही प्रमाणं, पण एक दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. भिंगातून आलेला प्रकाश आजीच्या चेहऱ्याला लागून आलेला असतो. तिथे संबंध आहे. ए-आय जेव्हा वीस ठिपक्यांच्या डोळ्याचा दोनशे ठिपक्यांचा डोळा करतो, तेव्हा तो लाखो इतर डोळे बघून हा असा असावा असं अनुमान करतो, आणि तेही बिनधुराचं. फोटो झकास दिसतो. पण त्यातल्या पापण्या तिसऱ्याच कोणाच्या असतात.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. कोणाचे ठिपके, कोणाची तुळस. मोबाइलमधला 'ब्युटी' मोड हे गोंदण डाग समजून पुसतो आणि सुरकुत्यांना इस्त्री करतो. नंतर ए-आय त्या गुळगुळीत कातडीवर स्वतःची रेघ ओढतो. आता सांगा, भिंतीवर कोण उरलं? नात म्हणाली ते खरंच होतं.

रोलां बार्थ नावाचा फ्रेंच लेखक होता. १९७७ साली त्याची आई गेली. तो तिचे जुने फोटो चाळत बसला. बऱ्याच फोटोंत ती त्याला ओळखू येई, पण सापडत नव्हती. शेवटी सापडली ती पाच वर्षांची असतानाच्या एका फोटोत. त्यावर त्याने १९८० साली अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं, पण तो फोटो मात्र पुस्तकात छापला नाही. इतरांना तो एक साधा फोटो वाटला असता. आम्हाला यातून एवढंच घ्यायचं आहे की चेहरा दिसणं आणि माणूस सापडणं यांत फरक आहे. आणि माणूस सापडायला त्या दिवशीचा खरा प्रकाश लागतो.

काढायचा कसा

तर आजी-आजोबा आहेत तोवर फोटो काढा. त्यांना विचारून काढा. हे बोलायला अवघड जातं, कारण 'मोठा फोटो' म्हटलं की म्हातारी माणसं हसून म्हणतात, "का रे, घाई झाली का?" तेव्हा सरळ म्हणा, "आजी, दिवाळीला भिंतीवर लावायचाय, तू बघायला पाहिजेस." जिवंतपणी लावा. कोणतं लुगडं नेसायचं ते तिला ठरवू द्या.

जागा म्हणाल तर आपल्या घरांसारखा स्टुडिओ नाही. ओटीवर किंवा पडवीत, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला तिला बसवा, तोंड अंगणाकडे. ऊन अंगावर नको, अंगणातला उजेड चेहऱ्यावर हवा. सकाळी आठ-नऊ किंवा दुपारी चारनंतर. फ्लॅश बंद. ब्युटी बंद. पोर्ट्रेट मोडही बंद, कारण तो मागची बाजू धूसर करताना केसांची, कानाची, पदराची कड कातरतो. लहान पडद्यावर ते खपतं, २४ इंचांवर कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. मागे साधी भिंत असली की पुरे.

तुम्ही पाच-सहा फूट लांब उभे राहा. अगदी जवळ गेलात तर नाक मोठं आणि कान लहान येतात. मुख्य कॅमेराच वापरा, बाकीच्यांची ताकद सहसा कमी असते. पडद्यावर डोळ्याला बोट लावा, म्हणजे फोकस तिथे बसेल. चेहरा फार पांढरा वाटला तर उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. काळवंडलेलं थोडंफार वर आणता येतं, पांढरं जळलेलं परत येत नाही. मग तिच्याशी बोला. भाताच्या आवणाचं विचारा, म्हसाच्या जत्रेचं विचारा. बोलता बोलता वीस-तीस फोटो काढा. त्यातला एक तिचा असेल.

जागांचंही तसंच आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. ज्यांची खाचरं, ज्यांच्या वाटा त्यात गेल्या, त्यांच्याकडे त्या जागेचा भिंतीवर लावण्याजोगा फोटो आहे का? नसेल तर आता निघणार नाही. उरलेल्याचा काढा. रुंद खाचरांसाठी पॅनोरमा घेताना मोबाइल उभा धरून फिरवा, ठिपके जास्त मिळतात. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख टिपायचा असेल तर उजेड समोरून नको, बाजूने तिरका हवा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते. आणि श्रावणातलं हिरवं मोबाइल आधीच भडक करतो, त्यात तुम्ही भर घालू नका. कागदावर ते भात राहत नाही, प्लास्टिक होतं.

छापायचा कसा

मोबाइलचा फोटो सहसा चारास तीन मापाचा असतो. १८ बाय २४ इंच हे माप त्याला चपखल बसतं. १२ बाय १८ किंवा २० बाय ३० केलं तर आडव्या फोटोत वरखाली आणि उभ्या फोटोत डावी-उजवीकडे थोडं कापावं लागतं, म्हणून काढतानाच चारी बाजूंना जागा सोडा.

पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. त्यामुळे छापलेला फोटो नेहमी थोडा काळपट वाटतो. पडद्याचा उजेड निम्मा करून फोटो बघा आणि मग ठरवा. याहून खात्रीचा उपाय स्वस्त आहे. १८ बाय २४ चा फोटो करायचा असेल तर त्यातला फक्त डोळ्यांभोवतीचा साधारण १००० गुणिले ६६७ ठिपक्यांचा तुकडा कापा आणि ६ बाय ४ च्या साध्या कागदावर छापून घ्या. मोठ्या प्रिंटमध्ये चेहरा जसा दिसणार, नेमका तसाच तो तुकडा दिसेल. थोडक्या पैशांत उत्तर मिळतं. भिंतीवर टेकवा, दोन फूट मागे सरका, बघा.

कागद मॅट घ्या, खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही. फ्लेक्स बॅनरसाठी आहे, घरासाठी नाही. काच लावणार असाल तर फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची पट्टी हवी, नाहीतर आपल्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि बुरशी धरतो. पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आणि चुलीच्या धुरात लावू नका. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, कारण मोबाइल हरवतो, पडतो, विहिरीतही जातो.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. लहान पडदा आपल्या बऱ्याच चुका झाकतो, भिंत झाकत नाही. भिंतीला जे द्यायचं ते फोटो काढतानाच द्यावं लागतं, आणि त्यासाठी समोरचं माणूस समोर असावं लागतं. या रविवारी घरी कोण आहे ते बघा. भिंग पुसा आणि ओटीवर दोन खुर्च्या मांडा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.