विश्लेषण : पहिला कॅमेरा कोणता? नवा मिररलेस की जुना डीएसएलआर?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओपासून मुंबईच्या बोरा बाजारापर्यंत कॅमेऱ्यांची विचारपूस वाढते. त्यात एक प्रश्न हमखास असतो. हाताशी बेताचे पैसे आहेत. ओळखीच्या फोटोग्राफरचा वापरलेला डीएसएलआर स्वस्तात मिळतोय, पण दुकानदार म्हणतो, ‘आता मिररलेसच घ्या.’ ऐकायचे कुणाचे? त्यासाठी कॅननचे दोन प्राथमिक श्रेणीतले कॅमेरे शेजारी ठेवून पाहू. २०१८ मध्ये आलेला ईओएस १५००डी हा डीएसएलआर आणि २०२३ मध्ये आलेला ईओएस आर५० हा मिररलेस.

आरसा काढला म्हणजे नेमके काय झाले?

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. त्यातला थोडा प्रकाश खाली बसवलेल्या फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे जातो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश मुख्य सेन्सरवर पडतो. ‘खटॅक’ आवाज येतो तो यामुळेच.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. प्रकाश सतत मुख्य सेन्सरवर पडतो आणि तेच चित्र मागच्या स्क्रीनवर किंवा व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दिसते. आरशासाठी ठेवलेली जागा वाचते, त्यामुळे कॅमेरा लहान होतो. बॅटरी आणि कार्डासह १५००डीचे वजन ४७५ ग्रॅम, तर आर५०चे ३७५ ग्रॅम आहे.

मिररलेसचा फोटो जास्त चांगला येतो का?

पुष्कळांचा गैरसमज होतो तो इथे. १५००डीचा सेन्सर २४.१ मेगापिक्सेलचा आहे, आर५०चा २४.२. दोन्ही एपीएस-सी आकाराचे. दिवसाउजेडी, स्थिर माणसाचा, तितक्याच चांगल्या लेन्सने काढलेला फोटो मोबाइलवर किंवा अल्बममध्ये पाहिला तर कोणता कशाने काढला, हे ओळखणे अवघड आहे.

अंधारात नव्या प्रोसेसरचा फायदा होतो. १५००डीची नेहमीची आयएसओ मर्यादा ६४०० आहे, आर५०ची ३२०००. पण सोबत मिळणाऱ्या किट लेन्सचे गणित उलटे आहे. १५००डीसोबतच्या १८-५५ मिमी लेन्सचे छिद्र रुंद बाजूला एफ/३.५ इतके उघडते. आर५०सोबतच्या १८-४५ मिमी लेन्सचे फक्त एफ/४.५. म्हणजे त्या टोकाला नव्या कॅमेऱ्याच्या लेन्समधून सुमारे ४० टक्के कमी प्रकाश आत येतो. कॅमेरा लहान ठेवण्यासाठी लेन्सही लहान केली, त्याची ही किंमत. मंडपातल्या पिवळ्या दिव्यांखाली आयएसओचा बराचसा फायदा या लेन्सपायीच खर्ची पडतो.

मग खरा फरक कशात आहे?

फोकसमध्ये. १५००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत आणि ते सगळे चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसवलेले आहेत. त्यातही सर्वांत भरवशाचा फक्त मधला. नवरी चौकटीच्या कडेला असेल, तर आधी मधल्या बिंदूने तिच्यावर फोकस धरायचा, बटण अर्धे दाबून ठेवायचे आणि मग कॅमेरा वळवायचा. अनुभवी हाताला हे सवयीचे असते. नवख्याच्या हातून वरमाला पडतानाचा क्षण निसटतो, नाहीतर नवरीऐवजी मागची झेंडूची तोरणे स्पष्ट येतात.

आर५०मध्ये मुख्य सेन्सरच फोकसचे काम करतो. जवळपास पूर्ण चौकटीत कुठेही तो फोकस धरू शकतो. माणसाचा चेहरा आणि डोळे, तसेच प्राणी, पक्षी, गाड्या ओळखून त्यांचा माग काढतो. शिकाऊ फोटोग्राफरच्या शंभर फोटोंपैकी किती कामाचे निघतात, यात फरक पडतो तो यामुळे.

वेगातही अंतर मोठे आहे. १५००डी सेकंदाला ३ फोटो काढतो. आर५० सेकंदाला १२, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर १५. मात्र रॉ फाइलमध्ये काढताना आर५०चे बफर लवकर भरते आणि कॅमेरा थबकतो. कबड्डीच्या चढाईत बटण दाबूनच ठेवले, तर नेमकी पकड होताना कॅमेरा अडू शकतो.

व्हिडीओसाठी कोणता?

इथे फारशी स्पर्धाच नाही. १५००डी फुल एचडी व्हिडीओ काढतो. पण व्हिडीओ काढताना आरसा वर राहत असल्याने फोकसचा वेगळा सेन्सर निकामी ठरतो आणि कॅमेरा चाचपडत फोकस शोधतो. बाहेरचा माइक लावायला जागा नाही. स्क्रीनही वळत नाही. रील किंवा यूट्यूबसाठी स्वतःलाच चित्रित करणाऱ्याची इथे अडचण होते.

आर५० सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून सेकंदाला ३० फ्रेमचा फोर-के व्हिडीओ काढतो. चालत्या माणसावर फोकस टिकवतो. त्याला माइक लावता येतो आणि स्क्रीन समोर वळवता येते. आता लग्नाच्या ऑर्डरमध्ये फोटोंबरोबर रीलही मागितली जाते. हे काम करू पाहणाऱ्यासाठी निर्णय इथेच होतो.

डीएसएलआर कुठे सरस ठरतो?

पहिले, बॅटरी. आरशातून दिसणाऱ्या चित्राला वीज लागत नाही. प्रमाणित चाचणीत १५००डी एका चार्जमध्ये सुमारे ५०० फोटो काढतो. निकॉनचा डी३५०० तर १,५५०. आर५० स्क्रीन वापरून चारशेच्या आसपास जातो, व्ह्यूफाइंडर वापरल्यास आणखी कमी. त्यामुळे हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या कामाला मिररलेसवाल्याने जादा बॅटरीचा खर्च सुरुवातीलाच धरावा.

दुसरे, शिकणे. डीएसएलआरमध्ये फोटो उजळ येईल की काळवंडलेला, हे आधी दिसत नाही. प्रकाशाचा अंदाज स्वतः बांधावा लागतो. काहींना यातूनच शटर, छिद्र आणि आयएसओ यांचे नाते पक्के कळते. मिररलेसमध्ये परिणाम आधीच दिसत असल्याने चूक जागेवर सुधारता येते. कोणाला कोणती पद्धत रुचेल, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न.

तिसरे आणि सर्वांत मोठे, लेन्स. कॅननचा ईएफ माउंट १९८७चा आहे. त्यामुळे जुन्या बाजारात त्याच्या लेन्सचा मोठा साठा आहे. आरएफ माउंट आला २०१८ मध्ये. त्याच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्यांच्या लेन्स २०२४ पासूनच मिळू लागल्या. स्वस्त पर्याय अजून कमी आहेत.

जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला चालतात का?

चालतात. डीएसएलआरमध्ये लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांत ४४ मिमी अंतर असते, आरएफमध्ये २० मिमी. मधले २४ मिमी कॅननचा अडॅप्टर भरून काढतो आणि ईएफ, ईएफ-एस लेन्सचा ऑटोफोकसही चालू राहतो. उलटे मात्र होत नाही. आरएफ लेन्स डीएसएलआरला बसत नाही.

म्हणजे आज घेतलेली डीएसएलआरची चांगली लेन्स उद्या मिररलेसवरही कामी येईल. निकॉनच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. त्याच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही. त्यामुळे एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालतो, जुन्या एएफ-डी लेन्सचा चालत नाही. घरात जुना फ्लॅश असेल, तर तो कोणत्याही नव्या कॅमेऱ्यावर चालेलच असे धरून चालू नये. दुकानात लावून पाहावा.

नाव मिररलेस, म्हणजे सगळे नवे?

नाही. कॅननचाच ईओएस आर१०० हा २०२३चा मिररलेस आहे. पण त्याची स्क्रीन वळत नाही, तिला टचही नाही, आणि फोर-के व्हिडीओत चौकट आक्रसते. याउलट २०१९चा ईओएस २००डी मार्क २ हा डीएसएलआर असूनही त्याची टच स्क्रीन वळते, माइक लागतो आणि स्क्रीनवरून फुल एचडी काढताना फोकस वेगाने धरतो. वापरलेला २००डी मार्क २ चांगल्या स्थितीत मिळाला, तर कमी बजेटमध्ये तो १५००डीपेक्षा बराच उजवा ठरतो. तेव्हा नुसत्या प्रकारावर जाऊ नये, मॉडेल पाहावे.

वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासावे?

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने लेन्सच्या आत बुरशी धरते. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर लेन्स घेऊ नये. छिद्र एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. ठिपके दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे.

शटर किती वेळा चालले, तेही विचारावे. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये हा आकडा सहज सापडतो. कॅननच्या प्राथमिक मॉडेलसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. लग्नाच्या कामात राबलेला कॅमेरा बाहेरून चकचकीत असला, तरी आतून थकलेला असू शकतो. मधल्या आणि कडेच्या बिंदूंवर फोकस धरून दहा-बारा फोटो काढावेत आणि ते मोठे करून पाहावेत. मूळ बिल, चार्जर आणि बॅटरी यांची खात्री करूनच पैसे द्यावेत.

शेवटी कोणी काय घ्यावे?

व्हिडीओ, रील, लग्नाचे काम किंवा घरात पळणारी लहान मुले असतील, तर आर५०सारखा मिररलेस घेणे योग्य. पैसे पुरत नसतील, तर दोन-तीन महिने थांबणे परवडते. कामाला न पुरणारा कॅमेरा घेतला, तर तो वर्षभरात कमी किमतीत विकावा लागतो आणि नव्यासाठी पुन्हा पैसे उभे करावे लागतात.

फोटोग्राफी शिकायची आहे, निसर्ग, गडकिल्ले, माणसांचे निवांत फोटो काढायचे आहेत आणि बजेट खरोखरच आखडते आहे, तर तपासून घेतलेला जुना डीएसएलआर आजही पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांत ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्यावी. किट लेन्सच्या लांब टोकाला मिळणाऱ्या एफ/५.६ पेक्षा ती जवळपास दहापट प्रकाश आत घेते. अशी लेन्स लावलेला जुना १५००डी मंदिराच्या गाभाऱ्यात किंवा घरच्या बारशाला, माणसे एका जागी असतील तोवर, किट लेन्सवरच्या नव्या मिररलेसपेक्षा चांगला फोटो देऊ शकतो.