उघड्या कुशीची पाणबुडी

पिकलेली पपई हातात घेऊन कितीही न्याहाळली, तरी तिच्या पोटात काय दडले आहे हे कळत नाही. तीच पपई विळीवर उभी चिरली, म्हणजे केशरी गर, मधली पोकळी आणि त्या पोकळीत दाटीवाटीने बसलेल्या काळ्या बिया एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. पाणबुडीचेही तसेच आहे. धक्क्याला लागलेली पाणबुडी पाहणाऱ्याची बहुधा निराशाच होते. गलबताची शिडे नाहीत, आगबोटीची धुराडी नाहीत, खिडक्या तर मुळीच नाहीत. पाण्यावर जेमतेम तरंगणारी एक काळी, लांबट पाठ आणि तिच्यावर उभारलेला एक मनोरा, एवढेच काय ते दृष्टीस पडते. जे पाहण्याजोगे आहे ते सारे तिच्या पोटात असते आणि ते पोट पोलादी पत्र्याने चहूंकडून बंद केलेले असते.

ही अडचण दूर करण्यासाठी पाणबुडीची अशी लहान प्रतिकृती करतात की, तिची एक कूस कापून काढलेली असते आणि आतली दालने, यंत्रे, नळ, शिड्या जागच्या जागी दिसत राहतात. अशा प्रतिकृतीस छेदप्रतिकृती म्हणतात. ती तयार विकत मिळते त्यापेक्षा सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने अधिक मिळते. भाग जोडण्याचे काम घेणाऱ्याने स्वतः करावयाचे असते.

एका ठिकाणी मात्र प्रतिकृती नव्हे, तर खरीखुरी पाणबुडीच अशी कापून ठेवली आहे. जर्मनीतील म्युनिक शहरी ‘डॉयचेस म्युझियम’ नावाचे विज्ञान व तंत्रविद्येचे प्रसिद्ध संग्रहालय आहे. तेथे ‘यू-१’ ही जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी आहे. ती १९०६ साली कील येथे बांधली गेली. तिची लांबी सुमारे ४२ मीटर. पहिल्या महायुद्धात तिने लढाई केली नाही. नव्या खलाशांना शिक्षण देण्यासाठीच तिचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर ती निवृत्त झाली आणि १९२१ मध्ये संग्रहालयात आली. तिच्या कुशीचा पत्रा कापून काढल्यामुळे आत दोन निरनिराळ्या जातींची यंत्रे दिसतात. एक यंत्र रॉकेलवर चालणारे, दुसरे विजेवर चालणारे. एकाच बोटीला दोन यंत्रांचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो. त्याचे उत्तर सोपे आहे. तेल जळावयास हवा लागते आणि पाण्याखाली हवा आणावयाची कोठून? म्हणून पाण्यावर असताना तेलाचे यंत्र चालवावयाचे, आणि बुडी मारल्यावर साठविलेल्या विजेवर पुढे जावयाचे. पुस्तकात दहा ओळी वाचून जे मनावर ठसत नाही, ते ती उघडी कूस क्षणात समजावून देते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ‘प्रकार सात’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणबुड्या सातशेच्या आसपास बांधल्या. छेदप्रतिकृती करणाऱ्यांची ही सर्वांत आवडती पाणबुडी होय. तिच्यातील सर्वाधिक बांधला गेलेला उपप्रकार ६७ मीटर लांबीचा होता. त्याची कूस उघडली म्हणजे आधी ध्यानात येते ती तिची दोन अंगे. बाहेरचे अंग पातळ असून ते पाणी सहज कापता यावे अशा आकाराचे आहे. आतले अंग गोल नळकांड्यासारखे असून त्याचा पत्रा सुमारे साडेअठरा मिलिमीटर जाड आहे. माणसे राहतात ती या नळकांड्यात. खोल पाण्याचा दाब सर्व बाजूंनी सारखा येतो, आणि तो सोसण्यास गोल आकारासारखा दुसरा आकार नाही. बोटीच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती जड होऊन बुडते. दाबून भरलेली हवा त्या टाक्यांत सोडून पाणी बाहेर ढकलले की ती पुन्हा वर येते.

आता नाकापासून शेपटीकडे जावे. अगदी पुढे पाणतीर सोडण्याच्या चार नळ्या. त्यांच्या मागे राखीव पाणतीर, आणि त्या पाणतिरांच्या अंगाखांद्यावरच म्हणावे अशा खलाशांच्या निजण्याच्या फळ्या. त्यामागे अधिकाऱ्यांची जागा, आणि तिच्या जमिनीखाली विजेच्या घटांची रांग. पुढे कप्तानाचा कोपरा लागतो. त्याला दार नाही, नुसता पडदा आहे. आणि समोरच बिनतारी संदेशाची व पाण्यातील आवाज ऐकण्याची लहानशी खोली आहे. मध्यरात्री दूरवर एखाद्या जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकू आला, तर कप्तानाला उठविण्यास दोन पावलेही चालावे लागू नये अशी ही योजना. मग बोटीच्या मध्यावर नियंत्रणकक्ष येतो. चाके, दट्टे, दाबमापके यांची तेथे इतकी गर्दी असते की, प्रतिकृती करणाऱ्याचे निम्मे दिवस या एका कक्षातच जातात. त्याच्या मागे आणखी निजण्याच्या जागा, एक अरुंद स्वयंपाकघर, मग डिझेल यंत्रे आणि शेवटी विजेच्या मोटारी व मागच्या बाजूची पाणतिराची एकुलती नळी. या एवढ्या जागेत चाळिसांहून अधिक माणसे आठवडेच्या आठवडे राहत. शौचकूप दोनच, आणि सफरीच्या आरंभी त्यांतील एकात अन्नाचे डबे रचलेले असत!

या रचनेचे कौतुक करताना ती कशासाठी होती हेही विसरता येत नाही. नाकातील त्या चार नळ्यांनी व्यापारी जहाजे बुडविली जात. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी भारतीय खलाशी मोठ्या संख्येने काम करीत. त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी खलाशीही होते. त्या युद्धात हजारो भारतीय खलाशांनी समुद्रावर प्राण गमावले. पाणबुड्यांत बसलेल्यांचीही गत निराळी नव्हती. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश परत आले नाहीत. अडकलेल्या माणसाला बाहेर पडणे किती कठीण होते, हे छेदप्रतिकृतीत त्या लहान गोल दारांकडे पाहिले म्हणजे वेगळे सांगावे लागत नाही.

अशी प्रतिकृती किती मोठी असावी? येथे गणित उपयोगी पडते. १:७२ हे प्रमाण घेतले, तर ७२ मीटरची वस्तू १ मीटरची होते. ६७ मीटरची पाणबुडी १:१४४ या प्रमाणात सुमारे ४७ सेंटिमीटर, १:७२ मध्ये ९३ सेंटिमीटर आणि १:४८ मध्ये जवळजवळ १४० सेंटिमीटर भरते. १ मीटर ७३ सेंटिमीटर उंचीचा खलाशी या तीन प्रमाणांत अनुक्रमे १२, २४ आणि ३६ मिलिमीटरचा होईल. बारा मिलिमीटरच्या माणसाच्या हातातील चाक ते केवढे असणार! म्हणून आतील रचना बारकाईने दाखवावयाची असेल तर प्रतिकृती मोठी हवी. मात्र मोठी प्रतिकृती म्हणजे छेदप्रतिकृती, असे समजून कोणी फसू नये. रेव्हेल या कंपनीचा १:७२ प्रमाणाचा ‘प्रकार सात’चा संच हातभर नव्हे, चांगला दोन हात लांब आहे, पण त्यात बाहेरचा आकार तेवढा आहे, पोट रिकामे. त्याच कंपनीचा ‘यू-४७’चा संच १:१२५ प्रमाणाचा, अवघा ५३ सेंटिमीटरचा, त्यात आतील दालने दिली आहेत. चीनमधील ट्रंपीटर कंपनीने ‘यू-५५२’चा १:४८ प्रमाणाचा संच काढला आहे. त्यात एका बाजूचा पत्रा पारदर्शक असून आत नाकापासून शेपटीपर्यंत सर्व काही आहे. तो ठेवावयास घरात जागा कोठे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पेटीवरचे चित्र पाहून भुलण्यापेक्षा प्रमाण कोणते, जोडल्यावरची लांबी किती आणि आतले भाग दिले आहेत की नाहीत, या तीन गोष्टी पाहून घेणे शहाणपणाचे.

छेदप्रतिकृती किती खरी असावी, या प्रश्नावरून अमेरिकेत एकदा मोठेच वादळ उठले. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ही अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी १९५९ च्या अखेरीस नौदलात दाखल झाली. तिची जन्मकथा मोठी चमत्कारिक आहे. ‘स्कॉर्पियन’ या नावाच्या दुसऱ्याच पाणबुडीचा सांगाडा कारखान्यात बांधला जात होता. तो मध्ये कापून त्यात सुमारे ४० मीटर लांबीचा नवा भाग घालण्यात आला, आणि त्या भागात पोलॅरिस नावाची सोळा क्षेपणास्त्रे उभी बसविली. २० जुलै १९६० रोजी या बोटीने पाण्याखालून पोलॅरिस क्षेपणास्त्र सोडून दाखविले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. मग रेव्हेल कंपनीने मुलांसाठी तिच्या छेदप्रतिकृतीचा संच बाजारात आणला. किंमत २ डॉलर ९८ सेंट.

अमेरिकेच्या नौदलात अणुयंत्रांचे काम ज्यांच्या हाती होते, ते व्हाइस ॲडमिरल हायमन रिकोव्हर हा संच पाहून संतापले. १९६१ मध्ये अणुशक्तीविषयक संसदीय समितीपुढे त्यांनी आपली तक्रार मांडली. प्रतिस्पर्धी राष्ट्राला जी माहिती मिळविण्यासाठी लक्षावधी डॉलर खर्चावे लागले असते, ती आपण तीन डॉलरांच्याही आत दुकानात मांडून ठेवली आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. वर्तमानपत्रांतून ही बातमी चांगलीच गाजली. मुलांच्या खेळण्याला एवढा मोठा अधिकारी भ्याला, म्हणून काहींना हसू आले असेल. पण त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. अणुभट्टीचे दालन केवढे आहे, यंत्रांची खोली तिच्या मानाने किती लांब आहे, एवढे जरी प्रमाणशीर कळले, तरी कुशल नौकारचनाकार त्यावरून वजनाचा व यंत्रांच्या मांडणीचा बराच अंदाज बांधू शकतो. घराचा नकाशा हाती आला की तिजोरी कोठे असेल हे चोराला विचारावे लागत नाही, तशातलाच हा प्रकार. दुसऱ्या बाजूने पाहता, लोकशाही राष्ट्रात लोकांच्या पैशांतून काय बांधले जाते हे लोकांना कळावे, हीही इच्छा काही गैर नव्हे. ही दोन्ही टोके जुळविणे तेव्हाही सोपे नव्हते. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ १९८५ मध्ये निवृत्त झाली. पुढे तिचे धड मोडीत निघाले. तिचा मनोरा तेवढा कनेक्टिकट राज्यातील ग्रॉटन येथील पाणबुडी संग्रहालयात उभा आहे. पोट कसे होते ते पाहावयाचे, तर आता संग्राहकांच्या कपाटांतील त्या जुन्या संचांकडेच वळावे लागते.

भारतात खऱ्या पाणबुडीच्या पोटात शिरून पाहण्याची सोय विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आहे. ‘कुरसुरा’ ही ९१ मीटर लांबीची पाणबुडी १९६९ ते २००१ पर्यंत भारतीय नौदलात होती. २००२ पासून ती संग्रहालय म्हणून लोकांना खुली आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत तर पाणबुड्या बांधल्याच जातात. तेथे बांधलेली ‘शल्की’ १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली, आणि २०१७ ते २०२५ या काळात ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्या दाखल झाल्या. त्यांच्या पोटातील तंतोतंत रचना दाखविणारा संच दुकानात मिळेल, अशी अपेक्षा मात्र कोणी करू नये; आणि का करू नये, हे रिकोव्हर यांच्या हकिकतीवरून उघड आहे.

परदेशी संच महाग असतात. पैसे नसले तरी अडून बसण्याचे कारण नाही. १ मीटरला १ सेंटिमीटर हे प्रमाण धरले, की ‘कुरसुरा’ ९१ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर उतरते. तिची सात दालने पुठ्ठ्याच्याच आडव्या भिंतींनी पाडता येतात. यंत्रांसाठी काड्यापेट्या, नळांसाठी तारा आणि पाणतिरांसाठी संपलेल्या पेनांच्या कांड्या चालतात.

प्लास्टिकचा संच जोडताना मात्र क्रम सांभाळावा लागतो. भाग एका चौकटीला जडलेले येतात. ते ओढून तोडू नयेत, कापून काढावेत आणि कापल्या जागी बारीक कानस फिरवावी. आतील प्रत्येक दालन आधी रंगवून मगच जागेवर बसवावे, कारण कूस मिटल्यावर कुंचला आत जात नाही. छेदाची कड विशेष घासावी लागते. साडेअठरा मिलिमीटरचा पत्रा १:७२ प्रमाणात पाव मिलिमीटरच व्हावयास हवा. पण इतके पातळ प्लास्टिक तग धरीत नाही, म्हणून ते कित्येक पट जाड असते. कड आतून तिरपी घासली की बघणाऱ्याला ते पातळ भासते. पारदर्शक भागांना गोंद बेताने लावावा. काही गोंदांच्या वाफेनेच ते पांढुरके होतात, आणि मग आतली सारी मेहनत धुक्याआड जाते. पेरिस्कोपची बारीक नळी सर्वांच्या शेवटी बसवावी. ती आधी बसविली, तर उरलेले काम पुरे होईपर्यंत निदान दोनदा मोडते.