मागचा अ‍ॅक्सल बदलताना ब्रेकही बदलावा का?



मुलांना शाळेत आणणाऱ्या एका पालकांनी मागे आम्हांस विचारले: खड्ड्यात आदळून गाडीचा मागचा अ‍ॅक्सल वाकला. मूळ गाडीत मागे ड्रम ब्रेक. पण कबाडी बाजारात त्याच मॉडेलच्या महाग प्रकाराचा, डिस्क ब्रेकसह अ‍ॅक्सल स्वस्तात मिळतो आहे. मिस्त्री म्हणतो, बोल्ट जुळतात, बसवून टाकू. प्रश्न अनेकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून उत्तर येथे देत आहोत.

डिस्क ब्रेक चांगला, यात शंका नाही. तो लवकर थंड होतो. १९५३ साली ले मांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्याच बळावर जिंकली. परंतु ब्रेक एकटा काम करीत नाही. पेडल दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. त्यांवर ब्रेक जास्त लागला तर ती पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि गाडी भिंगरीसारखी फिरते. म्हणून कंपनी मागचे प्रेशर मोजूनमापून ठेवते, त्यासाठी अनेक गाड्यांत वेगळा व्हॉल्व असतो. ड्रममध्ये फिरत्या ड्रमच्या ओढीनेच एक शू आणखी घट्ट दाबला जातो. डिस्कमध्ये ही मदत नाही. त्यामुळे तेवढ्याच प्रेशरला दोघांचा जोर वेगवेगळा. डिस्कच्या कॅलिपरला तेलही अधिक लागते. मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडल खोल जाते. उलट अदलाबदल, म्हणजे डिस्कच्या जागी ड्रम, आम्हांस अधिक भयावह वाटते, कारण मागची चाके जाम होण्याचा धोका तिच्यात अधिक.

हँडब्रेकची केबल तर बहुधा जुळतच नाही. डिस्कच्या कॅलिपरला काही लहान रिम घासतात. एबीएस असेल (२०१९ पासून नव्या मोटारींत ते सक्तीचे आहे) तर सेन्सरही जुळला पाहिजे, आणि त्याचा हिशेब मूळ ब्रेकवर बसवलेला असतो.

मास्टर सिलिंडर, व्हॉल्व, केबल, होज, सगळे त्या महाग प्रकाराचे घेतले तर काम होऊ शकते. पण मग स्वस्ताई उरली कोठे? आमचे मत स्पष्ट आहे: चेसिस क्रमांक दाखवून जसाच्या तसा अ‍ॅक्सल मागावा. लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, ब्रेकमधील हवा काढून घ्यावी. नंतर रिकाम्या मैदानात हळू वेगाने, आणि हँडब्रेक चढावर, तपासूनच मुलांना गाडीत बसवावे.