उजळ दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे

सातारा-सांगलीकडे लग्नसराई जवळ आली की आमच्या महिला बैठकीत हमखास प्रश्न येतो, "ताई, पोरगी उजळायला काय लावू?" काहीच लावू नका, असे आम्ही सांगतो.

गोऱ्या रंगाचा मान जुना आहे, जातीच्या उतरंडीशी जोडलेला आहे. छपाईने तो घरोघरी नेला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि गोऱ्या, भरल्या अंगाच्या लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतीवर आल्या. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. २०२० मध्ये नावातले 'फेअर' गेले, पण रंगाचा हट्ट गेला नाही. त्यातच आता बाई सडपातळही हवी. माप असे बदलते, म्हणजे ते माणसांनीच ठरवलेले आहे.

कलेत वेगळी बाईही दिसते. साताऱ्यातल्या औंधच्या संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे आहेत, तसे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे दगडातले आई-मूलही आहे. त्या आईला गोरी कांती नाही, नाजूक कंबर नाही. चित्रकार सवी सावरकर यांनी देवदासी काढली. तिचा देह बघणाऱ्याला खूश करत नाही, तिच्यावर काय लादले ते सांगतो.

आता क्रीमविषयी. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. चेहरा आधी उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम व लव वाढते, उन्हात आग होते. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नका. आधीपासून लावत असाल तर एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लेबल नसलेल्या डबीत पारा असू शकतो. तो मूत्रपिंड बिघडवतो. पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस आला तर क्रीम बंद करून लगेच दवाखाना गाठा.

बारीक होण्यासाठी जेवण सोडणाऱ्या मुलीचे रक्त कमी होऊ शकते. ती पांढुरकी दिसते आणि लोक म्हणतात, उजळली! खालची पापणी ओढून पाहा. आत फिकट असेल तर उपकेंद्रात रक्त तपासा. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी आहे. बाजरी, हरभरे, पालेभाजी, अंडी, मटण खा, सोबत लिंबू घ्या. जेवणाला लागून चहा नको. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात.