सर्कशीच्या बँडचे कागद

सिनसिनाटीच्या फिलमोर बंधूंचा छापखाना भक्तिगीतांवर चाले. जेम्स हेन्री फिलमोर स्वतः चर्चच्या गाण्यांना चाली बांधत. ट्रॉम्बोन त्यांच्या लेखी पापाचं वाद्य, पण मुलाचा, हेन्रीचा, जीव नेमका त्याच्यावरच जडला. शेवटी आईनंच वडिलांच्या नकळत जुना ट्रॉम्बोन विकत घेऊन दिला. १९०५ मध्ये हेन्रीनं मेबल जोन्स या नर्तकीशी लग्न केलं आणि सर्कशीच्या बँडची वाट धरली. पुढे तो परतला आणि ‘द सर्कस बी’, ‘रोलिंग थंडर’ असे त्याचे धडाकेबाज मार्च भक्तिगीतं छापणाऱ्या त्याच घरातून बाहेर पडले. मला ही त्या घराची फार मोठी गोष्ट वाटते.

सर्कशीचे बँड ज्यावरून वाजवत ते सुरांचे कागद पोस्टकार्डाहून थोडेच मोठे, वाद्यालाच बसवलेल्या चिमट्यात अडकवायचे. त्यावर फक्त ज्याच्या त्याच्या वाद्यापुरते सूर. अख्खी रचना कोणाच्याच समोर नसे. घोड्यांसाठी धावते गॅलप, झुल्यावरच्या कसरतींसाठी वॉल्ट्झ. घोडा बँडच्या तालावर नाचतो असं प्रेक्षकांना वाटे, प्रत्यक्षात बँडच घोड्याची चाल धरून वाजवी. खेळ संपला की सूर मध्येच तोडून पुढच्या कागदावर उडी. तासन् तास हे वाजवणाऱ्यांच्या ओठांची आणि दमाची काय कसोटी लागत असेल! या संगीताला हलकंफुलकं म्हणणाऱ्यांनी तो कागद एकदा वाजवून बघावा.

ओहायोचा कार्ल किंग हा अशाच बँडमधला युफोनियमवादक. १९१३ मध्ये, बाविशीच्या आसपास, त्यानं ‘बार्नम अँड बेलीज फेव्हरिट’ लिहिला. अशा सुसाट मार्चना वादक ‘स्क्रीमर’ म्हणत. त्यात युफोनियमला असं धावायला लावलंय की लिहिणाऱ्याचं वाद्य कोणतं, हे सांगावं लागत नाही. छापला तो आयोवातल्या ऑस्कलूसा गावच्या बार्नहाउस यांच्या पेढीनं. कॉर्नेट वाजवणाऱ्या चार्ल्स बार्नहाउसनी ती १८८६ मध्ये काढली होती.

१९१७ आणि १९१८ च्या हंगामांत कार्ल बार्नम अँड बेली सर्कशीचा बँडमास्तर होता. बायको रूथ त्याच सर्कशीत कॅलिओपी वाजवायची. कॅलिओपी म्हणजे वाफेच्या शिट्ट्यांचं वाद्य. सर्कस आल्याची वर्दी ते मैलभर आधी देई. १९२० मध्ये दोघांनी फोर्ट डॉजला बिऱ्हाड केलं. गावचा बँड कार्लनं हाती घेतला, तो १९७१ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत.